न्यायासन आणि ममत्व

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ एका प्रश्नाने होतो आणि तो प्रश्न विचारणारा पुरुष राजा आहे. राजा म्हणजे त्या काळचा सर्वोच्च न्यायाधीश. कुरुकुलाच्या दोन शाखांत राज्याच्या वाट्याविषयी वाद उत्पन्न झाला होता. एका बाजूस स्वतःचे पुत्र, दुसऱ्या बाजूस मृत भावाचे पुत्र, आणि निवाडा करण्याचा अधिकार धृतराष्ट्राकडे. असे असता रणभूमीचे वृत्त विचारताना तो एका पक्षाला ‘माझे’ म्हणतो आणि दुसऱ्या पक्षाला ‘पांडूचे’ म्हणतो. सगळ्या युद्धाचे बीज या दोन शब्दांच्या अंतरात आहे. धृतराष्ट्राला धर्म कळत नव्हता असे नाही. विदुरासारखा निर्भीड सल्लागार त्याच्याजवळ बसलेला होता आणि त्याचे बोलणे योग्य आहे हे तो वेळोवेळी कबूलही करीत असे. परंतु न्यायाच्या आसनावर राजा बसण्याऐवजी बाप बसला होता, आणि म्हणून कळलेला धर्म त्याच्या हातून घडला नाही.

हा प्रश्न हस्तिनापुरापुरता नाही. आजच्या न्यायालयात जो न्यायाधीश बसतो तोही कोणत्या तरी घरात जन्मलेला असतो. त्याला एक मातृभाषा असते, एक जात व एक धर्म असतो. बालपणी त्याने दारिद्र्य भोगलेले असते किंवा वैभव पाहिलेले असते. वकिली करताना त्याने सरकारची बाजू मांडलेली असते किंवा आरोपीची. काळा झगा अंगावर चढविला म्हणजे हे सारे गळून पडते काय? आणि गळून पडत नसेल, तर त्याचा निर्णयावर परिणाम व्हावा की होऊ नये? ज्याची जमीन, ज्याची अब्रू किंवा ज्याचे स्वातंत्र्य त्या निर्णयावर लटकलेले असते, त्याच्या दृष्टीने हा निव्वळ पंडितांचा वाद नव्हे.

या विषयी दोन पक्ष सांगितले जातात. पहिला पक्ष असा की, न्यायाधीश स्वच्छ आरशासारखा असावा. त्याने आपले सर्व पूर्वायुष्य न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे, कायदा वाचावा, पुरावा ऐकावा आणि निर्णय द्यावा. दुसरा पक्ष असा की, असा आरसा जगात कोठेही नाही; प्रत्येक मनुष्य आपल्या संस्कारांच्या डोळ्यांनीच पाहतो; तेव्हा निःपक्षपाताचे सोंग टाकून द्यावे आणि ज्याने ज्या जनांचे दुःख भोगले असेल त्याने त्या जनांचा कैवार घेऊन न्याय करावा. पहिला पक्ष उदात्त दिसतो. दुसरा खरा वाटतो. परंतु दोहोंतही एक एक दोष दडलेला आहे, आणि तो उघड होण्यासाठी प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे पाहिली पाहिजेत.

गीतेच्या अभ्यासकांना जवळचे असे एक प्रकरण लोकमान्य टिळकांचे आहे. १८९७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा पहिला खटला मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. त्या वेळच्या दंडसंहितेतील कलम १२४-अ मध्ये सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे हा अपराध मानलेला होता. अप्रीती म्हणजे काय? स्ट्रॅची यांनी ज्यूरीला असे समजावून सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. आणि द्वेष, वैर, तिरस्कार इत्यादी दुर्भावनेचे सारे प्रकार त्यात येतात. ज्यूरीत सहा युरोपीय व तीन हिंदी गृहस्थ होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष म्हटले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

ज्याने संस्कृत व्याकरण थोडे तरी पाहिले आहे त्याला या ठिकाणी थांबावेसे वाटेल. शब्दाच्या आरंभी येणाऱ्या निषेधवाचक ‘अ’चे, म्हणजे ‘नञ्’चे, वैयाकरणांनी सहा अर्थ मानले आहेत: सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पत्व, अप्रशस्तपणा आणि विरोध. ‘अपाप’ म्हणजे ज्याच्या ठिकाणी पाप नाही तो. येथे अभाव आहे. ‘अधर्म’ म्हणजे मात्र धर्माचा नुसता अभाव नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असलेले आचरण. झोपलेल्या मनुष्याच्या हातून त्या वेळी धर्म घडत नाही, म्हणून तो अधर्म करतो असे कोणी म्हणत नाही. इंग्रजी शब्दाच्या उपसर्गातही अशीच संदिग्धता आहे. तेव्हा सरकारशी वैर करणारा आणि सरकारवर केवळ प्रेम नसलेला, हे दोघे एकाच दोरीने बांधावयाचे की नाहीत, हा खरा प्रश्न होता. राज्यकर्त्यांच्या समाजात जन्मलेल्या मनुष्याला प्रजेचे राजप्रेम ही स्वाभाविक स्थिती वाटणे आणि त्या प्रेमाचा अभाव हाच विकार वाटणे अशक्य नव्हते. जित समाजातल्या मनुष्याला तसे वाटले नसते. शब्दाच्या अर्थाची निवड जेथे करावी लागते तेथे निवडणाऱ्याचे पूर्वायुष्य मूकपणे येऊन उभे राहते. (स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली या कलमाचा अर्थ हिंसा व सार्वजनिक अव्यवस्था यांच्याशी जोडून पुष्कळ आकुंचित केला.)

दुसरा खटला १९०८ साली झाला. या वेळी ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी गृहस्थ होते. केसरीतील लेख मराठी होते आणि ज्यूरीतील बहुसंख्य लोकांना मराठी येत नव्हते. ते लेखांचे भाषांतर वाचून लेखकाचा हेतू ठरविणार होते. ज्यूरीला मराठी समजले पाहिजे, हा आक्षेप आरंभीच घेण्यात आला होता. परंतु तो मान्य झाला नाही. टिळकांनी स्वतः आपली बाजू मांडली, भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि मूळ शब्दांची छटा कोठे बिघडली आहे हे एकेक करून दाखविले. सुमारे एकवीस तास त्यांचे भाषण चालले. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष म्हटले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड झाला. त्याच शिक्षेच्या काळात मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले गेले व ते १९१५ साली प्रसिद्ध झाले.

त्या सात ज्यूरर्सपैकी प्रत्येकजण दुष्ट होता असे समजण्याचे कारण नाही. कदाचित त्यांना आपण अगदी निर्विकार आहोत असेच वाटले असेल. मराठी समाजाशी आपला काही संबंध नाही, म्हणून आपण तटस्थ आहोत, असेही वाटले असेल. पहिल्या पक्षाचा दोष येथेच उघड होतो. न जाणणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. ज्याला ती भाषा येत नाही, ती म्हण कळत नाही, तो उपरोध ओळखता येत नाही, त्याची पाटी कोरी नसते; त्याच्या पाटीवर त्याच्या स्वतःच्या समाजाचे भय आधीच लिहिलेले असते आणि ते त्याला दिसत नाही, एवढेच.

प्राचीन धर्मशास्त्रकारांना ही गोष्ट ठाऊक होती. बृहस्पतीने असे सांगितले आहे की, अरण्यात राहणाऱ्यांचे वाद अरण्यातच निवडावेत, सैनिकांचे सैन्यात व सार्थवाहांचे सार्थात. ज्या जीवनात वाद जन्मला त्या जीवनाची जाण निर्णय करणाऱ्या सभेत असली पाहिजे, हा त्यातील आशय. वनातली वाट, शिकारीचा हक्क, मधाच्या पोळ्याची मालकी, या गोष्टी नगरातल्या विद्वानाला पोथीतून कळणार नाहीत. येथे पूर्वायुष्य हा दोष नसून ज्ञानाचे साधन आहे. ते नसेल तर पुराव्याचा अर्थच लागत नाही.

मग दुसरा पक्ष खरा मानावा काय? त्याचीही परीक्षा एका अलीकडच्या प्रकरणाने झालेली आहे, आणि धर्मनिष्ठ गृहस्थांनी तर ते प्रकरण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयापुढे २०२० साली एका मनुष्याच्या जामिनाचा अर्ज आला. शेजारच्या घरात शिरून तेथील स्त्रीचा विनयभंग केल्याचा आरोप त्याच्यावर होता. ३० जुलैला जामीन मंजूर झाला, आणि त्यात एक अट अशी घालण्यात आली की, आरोपीने ३ ऑगस्टला, म्हणजे राखीपौर्णिमेच्या दिवशी, पत्नीसह मिठाई घेऊन त्या स्त्रीच्या घरी जावे, तिला राखी बांधण्याची विनंती करावी, यापुढे तिचे रक्षण करण्याचे वचन द्यावे आणि भावाने बहिणीला ओवाळणी घालावी तसे अकरा हजार रुपये तिला द्यावेत.

वरवर पाहिले तर या आदेशात वाईट काय आहे? रक्षाबंधन हा पवित्र संस्कार. परस्त्री बहिणीसारखी मानावी, ही शिकवण प्रत्येक सुसंस्कृत घरात लहानपणापासून दिली जाते. न्यायासनावरील व्यक्तीने आपल्या घरातला, आपल्या मातीतला उत्तम संस्कारच कायद्याच्या कोरड्या भांड्यात ओतला, असे कोणी म्हणेल. परंतु क्षणभर त्या स्त्रीच्या दारात उभे राहून पाहावे. ज्या मनुष्याच्या पावलांचा आवाज तिला नकोसा झाला असेल, तोच मनुष्य न्यायालयाची आज्ञा हातात घेऊन पुन्हा तिच्या उंबरठ्यावर येणार; आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधावी अशी अपेक्षा! ज्या बंधनाचा प्राण स्वेच्छा व विश्वास हा आहे, ते बंधन आदेशाने बांधले तर त्याचे पावित्र्य तरी उरते काय? सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ही अट रद्द केली, अशा अटींनी अपराधाचे गांभीर्य कमी होते असे सांगितले, आणि न्यायाधीशांना अशा विषयांत संवेदनशीलतेचे शिक्षण मिळावे असेही निर्देश दिले.

यावरून एक सूक्ष्म गोष्ट दिसते. केवळ वाईट संस्कारच न्यायात घुसले तर अन्याय होतो असे नाही. चांगला संस्कारही, जर तो एका बाजूनेच पाहत असेल, तर अन्याय करतो. राखीचा विचार करताना भाऊ दिसला, त्याचे परिवर्तन दिसले; जिच्यासाठी न्यायालयाचे दार उघडलेले होते ती मात्र दिसली नाही. टिळकांच्या ज्यूरीत जाणिवेचा अभाव होता. येथे भावनेचा अतिरेक होता. मार्ग वेगळे, पण दोन्ही ठिकाणी समोरचा मनुष्य दृष्टीआड झाला.

आता गीता या विषयी काय सांगते ते पाहावे. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक गोष्ट फार स्पष्टपणे सांगितली आहे: ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीला अनुसरूनच वागतो, केवळ निग्रह करून काय होणार? हे ऐकून दुसरा पक्ष आनंदित होईल. पण लगेच पुढच्याच श्लोकात असे सांगितले आहे की, प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठाण मांडून बसलेले आहेत. मनुष्याने त्यांच्या ताब्यात जाऊ नये, कारण ते वाटेवरचे शत्रू आहेत. प्रकृती आहे, हे सत्य; तिच्या राग-द्वेषांच्या आधीन होऊ नये, हे कर्तव्य. एक श्लोक वाचून दुसरा सोडणाऱ्याला अर्धीच गीता मिळते. न्यायाधीशाला पूर्वायुष्य असणारच; त्या पूर्वायुष्याने त्याला हाताला धरून न्यावे की नाही, एवढाच त्याच्या अधिकारातला प्रश्न आहे.

पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा उपदेशही असाच नीट वाचला पाहिजे. विद्वान व विनयशील ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे पंडित सम दृष्टीने पाहतात, असे तेथे म्हटले आहे. त्यात पाहणे सोडलेले नाही. उलट पाचही जण निरनिराळे नावांनी सांगितलेले आहेत. हत्तीला कुत्र्याएवढा चारा घालणे म्हणजे समत्व नव्हे. भेद डोळ्यांना दिसावा, पण त्या भेदामुळे आदरात उणे-अधिक होऊ नये, हे समत्व. सहाव्या अध्यायात तर आणखी पुढे जाऊन असे सांगितले आहे की, जो आपल्या उपमेने सर्वत्र सुख व दुःख सारखेच पाहतो तो परम योगी. येथे ‘आपल्या उपमेने’ आणि ‘सर्वत्र’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. आपले स्वतःचे सुखदुःख, म्हणजे आपले पूर्वायुष्यच, दुसऱ्याला ओळखण्याची किल्ली आहे. परंतु ती किल्ली सर्वत्र लावावयाची आहे. मनुष्य चुकतो तो येथे. त्याची उपमा स्वजनांपुरती चालते आणि परक्यांच्या दारापाशी थांबते.

त्याच अध्यायात उदासीन आणि मध्यस्थ असे दोन वेगळे शब्द एकापाठोपाठ आलेले आहेत. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्यांचा भेद मोठ्या मार्मिकपणे सांगितला आहे. उदासीन तो, जो कोणाचाच पक्ष घेत नाही. मध्यस्थ तो, जो परस्परविरुद्ध अशा दोघांचेही हित इच्छितो. या विषयाचा सिद्धान्त या भेदात सापडतो. पहिला पक्ष न्यायाधीशाला उदासीन करू पाहतो. दुसरा पक्ष त्याला पक्षकार करू पाहतो. तो मध्यस्थ असला पाहिजे. वादी आणि प्रतिवादी, फिर्यादी आणि आरोपी, दोघांच्या ठिकाणी स्वतःला ठेवून पाहण्याइतके त्याचे अंतःकरण विशाल असावे. यासाठी पूर्वायुष्य दिव्यासारखे वापरावे. दिव्याच्या उजेडात तराजूची दोन्ही पारडी पाहावयाची असतात; तो दिवाच उचलून एका पारड्यात ठेवला तर तो वजन होतो, आणि उजेडही जातो.

कोणी विचारील की, हे मनुष्याला शक्य आहे काय? महाभारतात विदुराने धृतराष्ट्रालाच याचे उत्तर एका आख्यानाने दिले होते. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरा ऋषींचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद झाला व दोघांनी प्राणांची पैज लावली. निवाड्यासाठी प्रल्हादाकडे जावे, असे स्वतः सुधन्व्यानेच सुचविले. तो प्रतिपक्ष्याचा बाप असला तरी पुत्रासाठीसुद्धा असत्य बोलणार नाही, एवढा विश्वास शत्रुपक्षाला होता. प्रल्हादाने लगेच निवाडा दिला नाही. एकीकडे आपला पुत्र आणि दुसरीकडे समोर उभा असलेला ब्राह्मण, अशा वादात आपल्यासारख्याने कसे बोलावे, ही अडचण त्याने प्रथम उघडपणे बोलून दाखविली. मग जो खरे बोलत नाही त्याची गती काय होते, हे त्याने विचारून घेतले. आणि शेवटी सुधन्वा श्रेष्ठ, असा निर्णय देऊन आपल्या पुत्राचे प्राण त्याने प्रतिपक्ष्याच्या हाती ठेवले. सुधन्व्याने प्रसन्न होऊन तो पुत्र परत दिला, ही पुढची गोष्ट. प्रल्हादाने बापपण नाकारले नाही. ते ओळखले, बोलून दाखविले आणि त्याच्या पलीकडे तो गेला.

परंतु प्रत्येक आसनावर प्रल्हाद मिळत नाही. म्हणून कायद्याने सामान्य मनुष्यासाठी कुंपणे घातली आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत सभासद शत्रू व मित्र यांच्याशी समान वागणारे असावेत असे सांगितले आहे, आणि राग, लोभ किंवा भय यांमुळे शास्त्राविरुद्ध निर्णय देणाऱ्या प्रत्येक सभासदाला वादातील दंडाच्या दुप्पट दंड ठेवला आहे. (त्याच स्मृतिग्रंथांत वर्णपरत्वे दंडात भेद केलेला आढळतो, हेही झाकून ठेवू नये, कायद्यापुढे सर्वांना समान मानणाऱ्या राज्यघटनेने तो भेद दूर केला आणि समदर्शनाचा उपदेशच व्यवहारात उतरविला.) इंग्लंडात १८५२ साली असे झाले की, खुद्द लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने निर्णय दिला होता आणि त्या कंपनीचे भाग त्यांच्या मालकीचे होते. त्यांच्या मनावर त्याचा यत्किंचितही परिणाम झाला असेल असे कोणालाच वाटत नव्हते. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय रद्द केला. कारण स्वतःच्या कामात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चौकशी मंडळाच्या एका प्रकरणात हेच तत्त्व सांगितले. त्या मंडळाचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराचे वकील म्हणून उभे राहिले होते. प्रत्यक्ष पक्षपात झाला की नाही हे पाहावयाचे नसते. पक्षपाताची वाजवी शंका येण्याजोगी स्थिती होती काय, हे पाहावयाचे असते. मात्र ज्याला हे ठाऊक होते त्याने वेळीच आक्षेप घेतला नाही, म्हणून त्याला त्याचा लाभ मिळाला नाही.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत न्यायाधीशाने घ्यावयाची शपथ दिलेली आहे. भय, पक्षपात, ममता आणि द्वेष या चारही गोष्टी टाकून कर्तव्य करीन, असा तिचा आशय आहे. स्मृतीतील राग, लोभ व भय आणि गीतेतील राग-द्वेष यांच्याशी ही यादी किती जवळची आहे हे सांगावयास नको. शपथेत अनुभव टाकीन असे कोठेही म्हटलेले नाही. टाकावयाची आहे ती ममता. शिवाय कारणे लिहून निर्णय देण्याची रीत, अनेक न्यायाधीशांनी एकत्र बसण्याची रीत आणि वर अपील करण्याची सोय, ही सर्व याच हेतूने आहेत. मनातल्या मनात ‘माझे’ म्हणणे सोपे असते. ते कारण म्हणून कागदावर लिहावे लागले म्हणजे लेखणी अडखळते. आणि एकाच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते शेजारच्या सहकाऱ्याला दिसावे, यासाठी निरनिराळ्या जीवनांतून आलेली माणसे न्यायपीठावर असणे इष्ट आहे. १९५० साली स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश, न्यायमूर्ती फातिमा बीवी, १९८९ साली आल्या. एकोणचाळीस वर्षे अर्ध्या समाजाचा अनुभव त्या पीठाबाहेर राहिला, ही उणीव लहान म्हणता येणार नाही. तथापि केवळ समान जन्माने समान न्याय मिळेल असेही समजू नये. १९०८ साली टिळकांना जामीन नाकारून शिक्षा ठोठावणारे न्यायमूर्ती दावर हे हिंदी होते, आणि १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले गृहस्थही तेच होते.

येथवर वाचून एखादा गृहस्थ म्हणेल की, हा विषय न्यायाधीशांचा आहे. संसारी मनुष्याला त्याचे काय? परंतु प्रत्येक घरात एक न्यायासन असते आणि त्यावर कोणी तरी रोज बसलेले असते. सुनेची व मुलीची तक्रार एकाच दिवशी कानावर येते तेव्हा सासू न्यायाधीश होते. दोन भावांच्या भांडणात वडील भाऊ न्यायाधीश होतो. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाप्रमाणेच वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीचा संशयही दूर केला. तरी कितीतरी घरांत वडिलांच्या तेराव्यानंतर हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे ठेवला जातो. ‘तिला लग्नात दिले आहे’, ‘ती आता त्या घरची’, असे म्हणणारे लोक दुष्ट नसतात; त्यांनी लहानपणापासून तेच ऐकलेले असते. त्यांचे पूर्वायुष्य त्यांच्या तोंडून बोलत असते. बहीण सही करते, कारण माहेर तुटेल अशी तिला भीती वाटते. तिच्या मौनाला संमती समजणारा भाऊ धृतराष्ट्राप्रमाणेच ‘माझे’ आणि ‘त्यांचे’ असे दोन शब्द उच्चारीत असतो.

अशा वेळी गृहस्थाने करावयाचे ते फार अवघड नाही. प्रथम प्रल्हादाप्रमाणे स्वतःशी तरी कबूल करावे की, आपण अमुक बाजूला ओढले जात आहोत. मग जी बाजू आपल्याला परकी वाटते तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. आपल्या निर्णयाचे कारण दोघांच्या समक्ष मोठ्याने सांगता येते काय, हे तपासावे. आणि ते सांगण्याची लाज वाटत असेल, तर निवाड्याचे काम दुसऱ्या कोणा सज्जनाच्या हाती द्यावे. आसन सोडणे हाही कित्येकदा धर्मच असतो.

गीतेचा आरंभ धृतराष्ट्राच्या पक्षपाती प्रश्नाने होतो. तिचा शेवट मात्र संजयाच्या उत्तराने होतो. हा संजय कोण? धृतराष्ट्राचाच सूत, त्याच्याच घरी वाढलेला, त्याच्याच अन्नावर जगणारा. त्याचे सारे पूर्वायुष्य त्याला कौरवांच्या बाजूला ओढणारे होते. त्या पूर्वायुष्यामुळेच त्याला दोन्ही सेना, दोन्ही कुळे आणि त्या वृद्ध राजाचे अंतःकरण नीट ठाऊक होते. तरी सर्व पाहून व ऐकून झाल्यावर, ज्याचे पुत्र दुसऱ्या बाजूला उभे आहेत त्या आपल्या स्वामीच्या तोंडावर, जेथे श्रीकृष्ण आणि अर्जुन आहेत तेथेच विजय आहे, असे आपले निश्चित मत त्याने सांगितले. स्वामीविषयी त्याची करुणा कमी झाली नव्हती. पण सत्य सांगताना ती आड आली नाही. धृतराष्ट्र आणि संजय एकाच दालनात बसलेले होते, एकाच युद्धाकडे त्यांचे लक्ष लागलेले होते. एकाला पूर्वायुष्याने बांधले. दुसऱ्याला त्याच पूर्वायुष्याने समज दिली. न्यायासनावर, मग ते न्यायालयातले असो की घराच्या ओसरीवरचे, बसणाऱ्या प्रत्येकाला या दोघांपैकी एकाची जागा घ्यावी लागते.